टांगलेली साखळी

कॅन्टीनमध्ये कुणाच्या हातून कप पडून फुटला, की दामलेबाई पुढ्यातलं ताट तसंच सोडून उठायच्या. फुटलेल्या वस्तूचे दोन तुकडे उचलून ते एकमेकांना लागतात का, हे बघायची माणसाला सवयच असते. बाई नेमकं तेच करू द्यायच्या नाहीत. "जोडून बघू नका," म्हणायच्या, "कडा घासल्या की काय झालं ते कळत नाही." मग दोन हातांत दोन तुकडे वेगवेगळे धरून त्या खिडकीपाशी जायच्या, उजेडात तिरपे करून बघायच्या आणि कप कुठून फुटायला लागला ते बोट ठेवून दाखवायच्या. नवा माणूस असला तर त्याला वाटायचं, आता कपाचे पैसे कापणार. बाईंना कप कुणी फोडला याच्याशी काही देणंघेणं नसायचं.

सिल्वाशाच्या औद्योगिक वसाहतीत आमचा साखळ्यांचा कारखाना होता. चेनपुलीच्या, जड माल उचलायच्या, अशा साखळ्या. मी जळगावकडचा, डिस्पॅचला होतो. माल मोजून घ्यायचा, गाडीत भरायचा, कागद करून द्यायचे, एवढं माझं काम. दामलेबाई पुण्याहून आलेल्या, धातुशास्त्राच्या इंजिनियर. त्या काळात बाई माणूस भट्टीवर उभं राहतं हेच लोकांना पचायला जड जायचं. ऐंशीच्या दशकात सिल्वाशात कारखान्यांची रीघ लागली होती, माणसं मिळेल तिथून येत होती, म्हणून असेल कदाचित, पण शेठनी त्यांना घेतलं आणि लॅब त्यांच्या ताब्यात दिली. चाळिशीच्या आतबाहेर असतील. उंच, काटकुळ्या, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात मात्र कामगारांसारखे जाड बूट. नवरा वारला होता की सोडला होता हे कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. आईला घेऊन दोन खोल्यांत राहायच्या.

बोलणं तुटक. रागावल्या की आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा. समोरच्याला नीट ऐकायला पुढे वाकावं लागायचं आणि वाकल्यावर जे ऐकू यायचं ते ऐकण्यासारखं नसायचं.

भट्टीवर नवीन पोरं आली की बाई त्यांना आधी लॅबमध्ये बोलवायच्या. एका पाकिटातल्या दोन सुया काढायच्या. दोन्ही चिमट्यात धरून लालभडक तापवायच्या. एक लगेच पाण्यात, दुसरी गरम राखेत ठेवायची आणि हळूहळू निवू द्यायची. मग पोरांच्या हातात द्यायच्या, वाकवा म्हणायच्या. पाण्यातली काडकन मोडायची. राखेतली तारेसारखी वाकायची, मोडायची नाहीच. पोरं एकमेकांकडे बघायची.

"सुई एकाच पाकिटातली," बाई म्हणायच्या. "लोखंड तेच, आग तीच. मग फरक कशात पडला?"

कुणी म्हणायचं पाण्यात, कुणी म्हणायचं राखेत. बाई सांगायच्या, फरक आत पडला. तापलेल्या लोखंडातले कण आपापली जागा शोधत असतात. त्यांना वेळ दिला तर सैलसर, नीट बसतात. एकदम पाण्यात घातलं तर जसे असतील तसे अवघडून अडकतात, आणि ते अवघडलेपण म्हणजेच कडकपणा. आपल्या आजोबांच्या वेळचे लोहार त्यालाच पाणी देणं म्हणायचे. "वस्तू कशाची आहे हे कुणीही सांगेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ती आत कशी बसलीय ते विचारा."

आमच्या पाळीत भिका पाटील म्हणून धुळ्याकडचा एक भट्टीवाला होता. जवळच्या खेरडी गावात एका शेतकऱ्याच्या पडवीत चौघं मिळून राहायचे. बाईंनी एकदा त्याला सूक्ष्मदर्शकातून पॉलिश केलेल्या साखळीची कडी दाखवली. तो बराच वेळ डोळा लावून बसला आणि म्हणाला, "बाई, हाई तं आमना गावनं वावर शे." खरंच तसंच दिसायचं ते. लहानमोठे तुकडे, मधून बांध. बाईंना ते इतकं आवडलं की पुढे त्या साहेब लोकांच्या मीटिंगमध्येसुद्धा बांध हाच शब्द वापरू लागल्या. बारीक वावरं, भरपूर बांध, तर पोलाद चिवट. वावरं मोठी झाली, तर पोलाद दगा देणार.

पण बाई नेहमी बरोबर असायच्या असं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एकदा त्यांनी आलेलं पोलादच खराब आहे म्हणून भट्टी बंद करायला लावली. दिवसभर कारखाना बसून. संध्याकाळी लक्षात आलं, की नमुना घासताना तो बाईंच्याच हातून तापला होता आणि त्यामुळे त्यातली मांडणी बदलली होती. पोलाद चोख होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू होताना बाई भट्टीसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कालची चूक माझी. पोलाद चांगलं आहे." एवढंच बोलून लॅबमध्ये गेल्या. कामगारांना ते आवडलं. वर्क्स मॅनेजर चौबळसाहेबांनी ते मनात ठेवलं.

चौबळ नाशिकचे. वाईट माणूस नव्हता. दिलेली तारीख पाळायची एवढंच त्यांना कळायचं, आणि कारखाना त्यावरच चालतो हेही खरंच. बाईंचं आणि त्यांचं पटायचं नाही, पण दोघं एकमेकांना अहोजाहोनंच भांडायचे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक मोठं काम आलं. खानदेशात विहिरी खोदायच्या यारी असतात. वर क्रेनसारखा लोखंडी दांडा, खाली बादली. बादलीतून दगडमाती वर येते आणि त्याच बादलीतून माणसंही खाली उतरतात. त्या बादल्यांना लावायच्या साखळ्या हव्या होत्या. विहिरीच्या ओलीनं गंजू नयेत म्हणून व्यापाऱ्यानं वरून जस्ताचा मुलामा मागितला होता. आमच्याकडे तोवर काळ्या साखळ्याच जायच्या. मुलाम्याचं काम नवीन होतं.

मुलाम्याआधी साखळी तेजाबाच्या, म्हणजे अॅसिडच्या, हौदात धुवावी लागते. बाईंनी काम सुरू होतानाच सगळ्यांना समजावलं होतं, की या धुण्यात आणि मुलाम्यात हायड्रोजन वायू पोलादात शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. पण आपली साखळी कडक, आतून ताणलेली. तिच्यात तो बांधाबांधांवर जाऊन बसतो आणि बांध पोखरतो. म्हणून मुलामा दिल्या दिल्या साखळ्या ओव्हनमध्ये घालून शेकायच्या, म्हणजे तो निघून जातो. हे चुकवायचं नाही.

बाईंच्या आईला बरं नव्हतं म्हणून त्या रजा घेऊन तिला पुण्याला पोचवायला गेल्या. नेमकी तेव्हाच ओव्हनची कॉइल जळाली. नवी कॉइल मुंबईहून यायची होती. माल तयार, व्यापाऱ्याचा माणूस येऊन बसलेला. चौबळसाहेबांनी प्रत्येक साखळी मशीनवर लावून कामाच्या वजनाच्या दुपटीनं ओढून बघितली. एकही तुटली नाही. मग त्यांनी न शेकताच माल पेट्यांत भरायला सांगितला.

बाई परत आल्या तेव्हा मी पेट्यांवर नावं घालत होतो. त्यांनी मला विचारलं, ओव्हन कधी दुरुस्त झाला? मी म्हटलं, अजून नाही झाला. त्या पेट्यांकडे बघत राहिल्या. मग चौबळसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. शेठ तिथेच होते.

माल किती भरला ते सांगायला मीही मागोमाग आत गेलो होतो, म्हणून मला ऐकायला मिळालं. शेठ शांतपणे म्हणाले, "बेन, टेस्टमां तो बधी सांकळ पास छे. मग आता काय पाहिजे?"

"आज पास आहे," बाई म्हणाल्या. "परवा नसेल."

हे ऐकायला कसं वाटतं बघा. आज दुप्पट ओझं पेललेली साखळी उद्या निम्म्या ओझ्यानं तुटेल, तेही नुसती टांगून ठेवल्यावर. चौबळसाहेबांनी भट्टी बंद ठेवल्याच्या दिवसाची आठवण काढली. बाईंचा आवाज उतरला. त्या म्हणाल्या, मला दोन दिवस द्या. यातल्याच साखळ्या घेऊन मागच्या अंगणात वजन टांगून ठेवते. तुटल्या नाहीत तर मालाच्या सर्टिफिकेटवर मी सही करीन.

शेठनी चौबळांकडे बघितलं आणि दिले दोन दिवस, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

शेडच्या मागे जुना गर्डर होता. त्याला तीन साखळ्या लावल्या आणि खाली भंगाराचे ठोकळे बांधले. बाईंनी भोवती दोरी बांधून घेतली आणि कुणी आत जायचं नाही असं सांगितलं. भिका ठोकळे बांधायला होता. त्याचा धाकटा भाऊ एकनाथ शिरपूरकडे यारीवर बादलीत बसून विहिरीत उतरायचा, हे मला माहीत होतं. बाईंना त्या दिवशी कळलं. भिकानंच सांगितलं, गाठ आवळता आवळता, सहज सांगावं तसं.

पहिला दिवस काहीच झालं नाही. सुट्टीत माणसं दोरीबाहेर येऊन उभी राहायची. टांगलेलं वजन किंचित गोल फिरायचं, थांबायचं, उलटं फिरायचं. कुणीतरी पैज लावली होती म्हणे. बाई अंगणात फिरकल्या नाहीत. लॅबच्या खिडकीतून अंगण दिसायचं, पण त्यांनी खुर्ची पाठमोरी करून घेतली होती. चहा नेऊन देणारा सांगत होता, की कप तसेच निवून परत येताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिका लॅबच्या दाराशी उभा राहिला आणि त्यानं जे सगळ्यांच्या मनात होतं ते विचारलं. बाई, साखळी तुटायला हवी का नको? बाईंनी वर बघितलं. डोळे तांबारलेले होते.

"मला काय हवंय ते साखळीला कळत नाही, भिका," त्या म्हणाल्या. "ती तिच्या आत जे आहे तसंच वागणार."

दुपारपर्यंत अंगणातली गर्दी कमी झाली होती. लोकांचा धीर सुटला नव्हता, उत्सुकताच ओसरली होती. जेवणानंतर चौबळसाहेब बाहेर आले. साखळ्या बघितल्या, हसले आणि दोरीखालून वाकून सरळ आत शिरले. मधल्या ठोकळ्याखाली उभं राहून त्यांनी वर हात लावला आणि झोका द्यावा तसं ढकललं. बाई कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी दोरी ओलांडली, साहेबांची कॉलर धरली आणि त्यांना फरफटत बाहेर ओढलं. साहेबांचा चष्मा पडला. पाच-पंचवीस माणसांसमोर झालं हे. चौबळांचा चेहरा पांढरा पडला होता, भीतीनं नव्हे, अपमानानं. बाईंनी चष्मा उचलून पदरानं पुसून त्यांच्या हातात दिला. साखळी तुटली नाही. वजन नुसतं हलत राहिलं.

साहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी मला बोलावून सांगितलं, गाडी सोड. सर्टिफिकेटवर त्यांनी स्वतःची सही केली होती. तो त्यांचा अधिकार होता. मी म्हटलं, साहेब, संध्याकाळपर्यंत म्हणाले होते शेठ. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. ट्रक वापीच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामाकडे निघाला. फाटकातून तो बाहेर पडताना भिका भट्टीपाशी उभा होता. हातातला चिमटा खाली ठेवून तिथेच बसला.

बाईंना मी जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. थकल्यासारख्या दिसत होत्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की आपण चुकलो तर नाही ना, असं बाईच मनात घोळवताहेत. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून आईंची तब्येत विचारली. त्या उत्तर द्यायला लागल्या आणि तेव्हाच अंगणातून आवाज आला.

मोठा आवाज नव्हता. काचेच्या बांगडीसारखा टच्च असा. त्यामागून ठोकळा जमिनीवर आदळला तो मात्र पायाखाली जाणवला.

आम्ही पोचलो तेव्हा मधली साखळी तुटून लोंबत होती. कुणी तिच्याजवळ नव्हतं, साहेबांनंतर कुणी तिला हात लावलेला नव्हता. बाईंनी तुटलेल्या कडीचे दोन्ही तुकडे सोडवून घेतले, चिंधीत वेगवेगळे गुंडाळले आणि मला विचारलं, "तुमची स्कूटर कुठंय?"

सिल्वासा ते दादरा रस्ता तेव्हा आजच्यासारखा नव्हता. दोन्हीकडे भाताची रिकामी खाचरं, मधे खड्डे, समोरून ट्रक. बाई मागे एका बाजूला बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही हातांत दोन चिंध्या होत्या, म्हणजे त्या कशालाच धरून बसलेल्या नव्हत्या. मी हळू चालवू लागलो की पाठीत कोपर बसायचं. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. मला वाटतं, मला उद्देशून नसावंच ते. "सगळ्या पेट्या एकाच हौदातल्या आहेत," असं काहीतरी.

वापीच्या वाटेवरच्या दादऱ्याच्या चेकनाक्यावर गाड्यांची रांग होती. आमचा ट्रक रांगेत पुढून तिसरा. ड्रायव्हर उत्तरेकडचा, वयस्क माणूस, टपरीवर बसला होता. बाईंनी त्याला हिंदीत सांगितलं, की माल परत न्यायचा आहे. त्यानं नम्रपणे विचारलं, कागद? कागद नव्हता. तो म्हणाला, "बहनजी, मालिक का हुकुम हो तो अभी मोड़ लूँ. आपके कहने से कैसे मोड़ूँ?" त्याचं चूक नव्हतं. नाक्यावरच्या फोनवरून कारखान्याला लावून बघितलं, लागेना. पुढचे दोन ट्रक सुटले. ड्रायव्हर उठून गाडीत चढला आणि त्यानं इंजिन सुरू केलं.

बाई जाऊन गाडीच्या तोंडापुढे उभ्या राहिल्या. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. नाक्यावरचा पोलीस काय प्रकार आहे म्हणून यायला निघाला. मी त्याला काय सांगू या विचारात होतो, तोवर आमच्या कारखान्याची जीप रस्त्याच्या कडेनं धूळ उडवत आली आणि चौबळसाहेब उतरले. एकटेच होते. जीप स्वतः चालवत आले होते. ते बाईंकडे आले नाहीत. ड्रायव्हरच्या दाराशी गेले.

"गाडी वळव," म्हणाले.

मग ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. बाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चिंध्या सोडल्या नाहीत. साहेब खाली बघतच म्हणाले, "मी त्याच्याखाली उभा होतो." बाई हो म्हणाल्या. ट्रक वळायला बराच वेळ लागला.

तो सगळा माल बाईंनी कापायला लावला. आता शेकून चालेल का, असं शेठनी विचारलं होतं. बाई नाही म्हणाल्या. आत चिरा पडायला लागल्या असतील, त्या शेकून बुजत नाहीत. शेठना मोठा फटका बसला. ते कित्येक महिने बाईंशी बोलले नाहीत, पण त्यानंतर बाईंच्या सहीशिवाय कारखान्यातून एक कडी बाहेर गेली नाही. ओव्हन दुरुस्त झाल्यावर तोच माल नव्यानं बनून गेला. चौबळसाहेबांनी बाईंशी भांडणं चालूच ठेवली, तरी कुठे काही मोडलं की तुकडे ते स्वतः उचलून लॅबमध्ये पाठवायचे.

पुढे नव्वदच्या दशकात शेठनी धंदा आवरता घेतला. माणसं पांगली. मी वापीला लागलो. बाई पुण्याला परत गेल्या, कुठल्याशा कॉलेजात शिकवतात असं कानावर आलं.

त्यांना शेवटचं बघितलं ते भिकाच्या मुलीच्या लग्नात, धुळ्यापलीकडे त्याच्या गावी. मला वाटलं नव्हतं त्या येतील. एसटीनं एकट्या आल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पायात साध्या चपला. बायकांच्या पंगतीत कडेला बसल्या होत्या आणि मी शेजारच्या ओळीत. पानात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि वाटीत सार. वाढायला एकनाथ होता, भिकाचा भाऊ. चांगला आडवा झालेला, मिशीला कलप लावलेला, सगळ्यांना आग्रह करत फिरणारा. भिकानं त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा भिका म्हणाला होता, सांगून काय करू, भ्याला तर उतरेल कसा?

एकनाथनं बाईंना सार वाढता वाढता विचारलं, कुठल्या तुम्ही? त्या म्हणाल्या, आता पुण्याला असते, आधी सिल्वाशाला तुझ्या भावाच्या कारखान्यात होते.

"तथली साखळी व्हती आमन्या यारीले," तो म्हणाला. "चांगली व्हती. कितला सालं चालनी."

आणि बादली घेऊन तो पुढच्या पानाकडे गेला.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो एकेकाला वाढत, हसत, पंगतीच्या टोकापर्यंत गेला. तिथे कुणाशीतरी बोलत उभा राहिला. मग बाईंनी हात वर केला आणि त्याला हाक मारली.

"एकनाथ, इकडे अजून थोडं सार आणतोस का?"

तो बादली सावरत लगबगीनं परत यायला लागला. बाईंची वाटी काठोकाठ भरलेली होती.